पानांत सापडले

ताईच्या दुकानात एक नियम होता आणि तो कुठेही लिहून लावलेला नव्हता. बांधणीला आलेल्या पुस्तकाच्या पानांत जे काही निघेल ते पाकिटात घालायचं, पाकिटावर ‘पानांत सापडले’ असं लिहून खाली तारीख टाकायची आणि पुस्तकाबरोबर परत द्यायचं. मग ते काहीही असो. बसचं तिकीट, वाळलेलं फूल, डॉक्टरची चिठ्ठी. एकदा एका वकिलाच्या जाडजूड पुस्तकातून त्याच्या बायकोनं त्याला लिहिलेलं भांडणाचं पत्र निघालं. ताईनं ते न वाचता पाकिटात घातलं. न वाचता भांडणाचं आहे हे कसं कळलं, असं मी विचारलं, तर म्हणाली, “अक्षरावरून.”

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. पुस्तकबांधणी आमच्या घरात कोणी केलेली नव्हती. हा धंदा भाऊजींच्या वडिलांचा. लग्न करून ताई त्या घरात गेली तेव्हा पहिलं वर्षभर तिला फक्त दोऱ्याला मेण लावायला दिलं होतं. दुसऱ्या वर्षी दाभण हातात आलं. दहाव्या वर्षी तिची शिवण भाऊजींच्या शिवणीपेक्षा सरळ यायला लागली आणि हे भाऊजी स्वतःच गिऱ्हाइकांना सांगायचे. शाळा, वाचनालय, दोन-तीन वकील आणि चर्च अशी बांधलेली गिऱ्हाइकं होती. खाली दुकान, वर राहायची खोली, मध्ये चौदा पायऱ्यांचा उभा जिना. दुकानात कायम खळीचा वास यायचा. खळ म्हणजे पिठाची शिजवलेली चिकट पेज. ती ताई रोज सकाळी ताजी शिजवायची, आणि चहा आधी की खळ आधी यावरून त्या घरात रोज थोडी बाचाबाची व्हायची.

भाऊजींची नजर गेली ती हळूहळू. आधी सुई ओवणं गेलं, मग अक्षर गेलं, मग माणसाचा चेहरा. तरी कागद बोटांत धरून चोळला की तो कुठल्या जातीचा आणि किती जुना हे ते बरोबर सांगायचे. शहात्तराव्या वर्षी ते जिन्यावरून पडले, नवव्या पायरीवरून. हाड जोडलं गेलं पण चौदा पायऱ्या संपल्या त्या कायमच्या. त्यांना खाली दुकानातच पलंग टाकून दिला. ताई वर एकटी. ते खालून हाक मारायचे, ती उतरायची. तिचंही वय सत्तर.

त्यांची मुलगी दुसऱ्या गावी असते. तिला घरात चिमणी म्हणतात. चव्वेचाळीस वर्षांची आणि चांगली दणकट बाई आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. तिच्या दोन खोल्यांत पाच माणसं, त्यामुळे तिकडे जायचा प्रश्न नव्हता. तिनंच गावाबाहेरच्या सरकारी वृद्धाश्रमाची माहिती काढली. बैठी इमारत, पायरी एकही नाही. एका बाजूला पुरुषांचा विभाग, दुसऱ्या बाजूला बायकांचा, आणि मधल्या अंगाला नवरा-बायकोंसाठी आठ खोल्या. त्या आठांतली एक नुकतीच रिकामी झाली होती. मेट्रन बाईंनी ती महिनाअखेरपर्यंत राखून ठेवायचं कबूल केलं. एक तारखेला ती दुसऱ्यांना जाणार होती. कागद फक्त एक लागणार होता, लग्नाचा सरकारी दाखला.

आम्ही दोघं तिथे गेलो आणि ताईनं चर्चचा दाखला पुढे केला. मेट्रन बाईंनी तो वाचला, चांगला आहे म्हणाल्या आणि परत दिला. दाखला कायद्याचा हवा. नसेल तर भाऊजी पुरुषांकडे, ताई बायकांकडे, आणि भेटायची वेळ चार ते सहा.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा ताईनं विचारलं, “चार ते सहा म्हणजे रोज का?”

मी म्हणालो, रोज असावं.

“त्यांना दिसत नाही रे. पाण्याचा पेला कुठे ठेवलाय ते सहानंतर कोण सांगणार?”

दुसऱ्या दिवशी आम्ही नोंदणी कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनानं ताईनं सांगितलेल्या वर्षाचं बाड काढलं, मग आधीच्या वर्षाचं, मग नंतरच्या. नोंद नव्हती. त्यानं नियम समजावून सांगितला. चर्चमध्ये लागलेलं लग्न कायद्यालाही चालतं, पण फादरनी सही करून पाठवलेली चिठ्ठी नव्वद दिवसांत कार्यालयात पोचली पाहिजे. पोचली नाही तर कायद्याच्या लेखी लग्न झालेलंच नाही. आता उपाय एकच, इथे येऊन लग्न करायचं. नावं पंधरा दिवस फलकावर लागतात, मग सह्या. म्हणजे महिनाअखेर गाठायची तर चौदा तारखेच्या आत अर्ज द्यायला हवा. त्या दिवशी पाच तारीख होती.

सेहेचाळीस वर्षांत हा कागद कधी लागला नव्हता. चिमणीच्या शाळेत चर्चचा दाखला चालला, दुकान वडिलांकडून मुलाकडे आलं, आणि बाकी सगळ्या गावाला ही दोघं नवरा-बायको आहेत हे ठाऊकच होतं.

अर्ज हातात घेऊन ताईनं तो उभ्या उभ्या वाचला. एका रकान्यात ‘सध्याची स्थिती’ आणि पुढे तीन चौकोन, अविवाहित, विधवा किंवा विधुर, घटस्फोटित. एकावर खूण करायची आणि खाली सही. वर दिलेली माहिती सत्य आहे.

“यात माझा चौकोन नाही,” ती म्हणाली. तिनं अर्ज घडी करून पिशवीत ठेवला आणि आम्ही घरी आलो.

मग फादरांकडे गेलो. हे फादर तरुण आहेत. ताईचं लग्न लावणारे म्हातारे फादर जाऊन तीस वर्षं झाली, त्यांच्यानंतरचे हे चौथे. त्यांनी कपाटातून जुनी नोंदवही काढली. ताईचं लग्न त्या वहीतलं शेवटचं, अगदी शेवटच्या पानावर. दोघांची नावं, सह्या, दोन साक्षीदार. दुसरा साक्षीदार मी. माझ्या सहीवर शाईचा मोठा डाग आहे. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि इतके लोक बघत असताना सही करायची ही माझी पहिलीच वेळ होती.

ताईनं फादरांना सरळ विचारलं, माझं लग्न झालंय की नाही?

“मावशी, लग्न फादर लावत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही दोघांनी एकमेकांना शब्द दिलात, त्यानं ते लागलं. फादर आणि साक्षीदार तो शब्द ऐकायला असतात. तुम्ही मोकळ्या होतात, मनापासून बोललात, आणि आम्ही ऐकलं. झालं. आता ते मी मोडू शकत नाही आणि बिशपही मोडू शकत नाहीत.”

पुढे त्यांनी कायद्याची बाजूही सांगितली, आणि ती चांगली सांगितली. मुलांचा वारसा, दवाखान्यात रात्री कोणाला आत सोडायचं, मागे राहिलेल्याला घरात राहू द्यायचं की नाही, हे सगळं सरकार त्याच्या वहीवरून ठरवतं, आणि ते तसंच असायला हवं, नाहीतर दुबळ्याचे हाल होतात. उलटही होतं म्हणाले. आपल्यातलंच एखादं जोडपं नुसतं कार्यालयात जाऊन सह्या करून येतं. कायदा त्यांना नवरा-बायको म्हणतो, पण देवासमोर शब्द द्यायचा राहिलाय असं त्यांना फादरांनाच सांगावं लागतं. दोन वेगळ्या वह्या आहेत आणि एक वही दुसरीत डोकावत नाही. चिठ्ठी हा तेवढा एकीचा दुसरीला निरोप होता. तो वाटेत कुठेतरी राहिला.

तेव्हा कार्यालयात सही करण्यात पाप नाही, असं त्यांचं मत पडलं. सरकार सरकारच्या वहीबद्दल विचारतंय.

“तसं लिहिलेलं नाही ना पण,” ताई म्हणाली. “अविवाहित असं लिहिलंय. मी अविवाहित, तर मग एवढी वर्षं वरच्या खोलीत कोण राहत होतं, फादर?”

फादर हसले आणि वही कपाटात ठेवायला उठले.

ताईचं हे असंच होतं. एका शाळेनं एकदा जुन्या वह्यांवर नवं वर्ष छापून मागितलं होतं, तर तिनं काम परत केलं. बाकी ती भोळी नव्हती. खोली जाणार हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्या दिवसांत ती भाऊजींना पलंगापासून मोरीपर्यंतची पावलं मोजायला लावायची, म्हणजे उद्या एकट्यानं राहायची वेळ आली तर सवय असावी. सहा पावलं, मग डावीकडे दोन. भाऊजी मुकाट्यानं मोजायचे. या सगळ्या प्रकरणात ते फारच कमी बोलले होते. मला वाटायचं, पडल्यापासून ते तसेच झालेत.

दहा तारखेला चिमणी आली. आईला समजावण्यासाठीच आली होती. तिनं आधी थट्टेनं सुरुवात केली. म्हणाली, “आई, तू सही केली नाहीस तर मी कोण होते याचा जरा विचार कर. लोक विचारतील.” ताई म्हणाली, “सांग त्यांना, चिमणी आहेस म्हणून.” मग चिमणी चिडली. आईवर चिडता येईना, म्हणून ती म्हाताऱ्या फादरांवर घसरली. विसराळू माणूस, चष्मा कपाळावर आणि शोधतोय खिशात, एक चिठ्ठी पाठवायची ती कुठेतरी टाकून बसला, आणि आता याच्या विसरण्यापायी आईबाबांनी म्हातारपणी वेगळं राहायचं.

मीही मान हलवली. पाच दिवस आम्ही सगळे हेच म्हणत होतो.

भाऊजी पलंगावर बसून कागदाचा एक तुकडा बोटांत चोळत होते. ते म्हणाले, “फादर विसरले नाहीत. चिठ्ठी माझ्याकडे आली होती.”

चिमणी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली.

ते सांगत गेले. लग्न वहीच्या शेवटच्या पानावर नोंदलं गेलं आणि वही भरली. पानं सुटी झाली होती म्हणून फादरांनी ती त्याच आठवड्यात बांधायला पाठवली, दुसऱ्या कोणाकडे नाही, याच दुकानात. भाऊजींनी ती उघडली तर शेवटच्या पानात चिठ्ठी होती. वीतभर लांब, चार बोटं रुंद. दोघांची नावं, सह्या, तिथेही माझा शाईचा डाग. त्यांना वाटलं, वहीत आहेच, ही त्याचीच नक्कल असेल. नियमाप्रमाणे पाकिटात घालायला हवी होती. पण लग्न होऊन सहा दिवस झाले होते आणि त्यांना ती परत द्यावीशी वाटेना. वहीच्या पाठीला आतून मजबुतीसाठी कागदाची पट्टी लावतात. त्यांनी ती चिठ्ठी तिथे लावली आणि वर कापड चढवलं. आपली वही, आपला कागद. तिथून तो कधीच हरवणार नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं.

“आणि फादरांनी विचारलं नाही?” चिमणी म्हणाली.

विचारलं होतं. महिन्याभरानं वाटेत भेटले तेव्हा, पानांत काही सापडलं का रे म्हणून. भाऊजी नाही म्हणाले. लाज वाटली. फादरांनीच मग कपाळावर हात मारला की मी टाकली असणार पेटीत आणि विसरलो असणार. ती चिठ्ठी कशासाठी असते हे भाऊजींना परवा कळलं, कारकुनाचं बोलणं ताईनं घरी येऊन सांगितलं तेव्हा.

“कशानं चिकटवली?” ताईनं विचारलं.

“खळीनं. सरस नाही वापरला.”

ताई उठली आणि वर गेली. दोन दिवस ती भाऊजींशी कामापुरतं बोलली. पेला उजवीकडे आहे, गोळी घ्या, एवढंच. त्यांनी चिठ्ठी लपवली याचं तिला फार काही वाटलं नसावं. मेलेल्या माणसावर पाच दिवस आळ येत असताना ते ऐकत बसले, ते तिला सहन झालं नाही. मला एकदाच म्हणाली, “बारक्या, पाकीट का नसेल केलं रे यांनी?” मग आपणच म्हणाली, “सहा दिवस तर झाले होते.”

बारा तारखेला तिनं फादरांना निरोप पाठवला. नोंदवही एकटी चर्चबाहेर पाठवत नाहीत, म्हणून फादर स्वतः ती कापडात गुंडाळून घेऊन आले आणि पाठ उघडून होईपर्यंत स्टुलावर बसून राहिले. ताईनं वही शिकंज्यात पाठ वर करून आवळली. पाठीचं कापड दोन्ही कडांना चिरलं आणि उचललं. खाली करड्या रंगाची पट्टी दिसली. त्यावर तिनं ओलं फडकं ठेवलं आणि आम्ही वाट बघत बसलो. सरसानं लावलेलं निघत नाही, फाटतं. खळ पाणी पिते आणि सोडते, पण तिला वेळ द्यावा लागतो. दर थोड्या वेळानं ताई फडक्याचं टोक उचलून बघायची. पाऊण तासानं तिनं हाडाच्या बोथट पट्टीनं कागद एका कोपऱ्यातून सोडवायला घेतला. शाई चर्चची पक्की होती, पसरली नव्हती. भाऊजी मान पुढे काढून आवाज ऐकत होते. “ओढू नको,” ते म्हणाले. “मला शिकवू नका,” ताई म्हणाली. दोन दिवसांतलं ते तिचं पहिलं धड वाक्य.

चिठ्ठी अख्खी निघाली. ती टीपकागदावर पसरून ताईनं वाचली. वर छापलेलं होतं की वर आणि वधू यांनी आमच्यासमक्ष परस्परांचा स्वीकार केला आहे. खाली म्हाताऱ्या फादरांची सही. तिच्याखाली साक्षीदार. आणि अगदी तळाला एक चौकट, ‘कार्यालयाच्या उपयोगाकरिता, नोंद क्रमांक’. ती चौकट कोरी होती.

ताईनं त्या चौकटीवर बोट ठेवलं.

“एवढंच राहिलंय,” ती म्हणाली. “लग्न नाही राहिलेलं. शिवण झालेली आहे, कापड चढवायचं राहिलंय.” फादरांकडे वळून तिनं विचारलं, “कापड नसलेलं पुस्तक वाचनालयात कपाटात ठेवतात का?”

“नाही ठेवत, मावशी.”

“पण पुस्तक असतं ते.”

“असतं.”

दुसऱ्या दिवशी, तेरा तारखेला, आम्ही पुन्हा कार्यालयात गेलो, आणि ताई या वेळी कारकुनाकडे न थांबता नोंदणी अधिकारी बाईंच्या खोलीत गेली. तिनं चिठ्ठी टेबलावर ठेवली. बाईंनी ती भिंगाखाली धरली. नव्वद दिवसांची मुदत त्यांना ओलांडता येत नव्हती, ते त्यांनी स्पष्ट सांगितलं. ताई म्हणाली, माझं तसं मागणंच नाही. मी अर्ज करते. पण अविवाहित या शब्दाच्या पुढे मला दोन शब्द लिहू द्या.

बाईंनी नियमाचं पुस्तक काढलं. ताईनं ते उलटं बघून आधी त्याची बांधणी सुटल्याचं सांगितलं. बाईंनी दोन पानं वाचली आणि म्हणाल्या, “आजी, शेऱ्याचा रकाना मोकळाच असतो. खरं असेल ते लिहायला कायदा अडवत नाही.”

ताईनं चौकोनात खूण केली आणि पुढे लिहिलं, ‘या कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे’. शेऱ्यात लिहिलं, ‘चर्चमध्ये विवाह झालेला आहे’, आणि सेहेचाळीस वर्षांपूर्वीची तारीख. मग सही केली.

पंधरा दिवस दोघांची नावं फलकावर होती, विशी-पंचविशीतल्या सात जोडप्यांच्या मधे, वयांसकट. कोणाची हरकत असल्यास कळवावे. वाचनालयाचे ग्रंथपाल दुकानात येऊन सांगून गेले की माझी हरकत आहे, आमची चार पुस्तकं अजून बांधायची राहिली आहेत. ताईनं ती चारही बांधून दिली.

एकोणतीस तारखेला भाऊजींना टॅक्सीतून नेलं. साक्षीदार मी आणि चिमणी. अधिकारी बाईंनी भाऊजींना विचारलं, ते म्हणाले, “हो. मागच्यासारखंच.” ताईला विचारलं, पती म्हणून स्वीकार करता का?

“केलेला आहे,” ताई म्हणाली.

“आजी, मला हो किंवा नाही लिहायचंय.”

ताईनं भाऊजींकडे बघितलं. ती डावीकडे उभी होती आणि ते उजवीकडे तोंड करून तिचं उत्तर ऐकायला थांबले होते. तिनं त्यांचं कोपर धरून त्यांना आपल्याकडे वळवलं.

“हो,” ती म्हणाली.

मी सही केली. या वेळी डाग पडला नाही.

तीस तारखेला ती दोघं त्या खोलीत गेली. दोन पलंग, एक खिडकी, खिडकीशी टेबल. ताईनं पलंग जवळ ओढून घेतले आणि भाऊजींना दारापासून पावलं मोजायला लावली. पेला कुठे, काठी कुठे, ती स्वतः कुठल्या बाजूला. मी टेबलाशी तिचा दाभणांचा डबा ठेवत होतो. तो तिनं हट्टानं आणला होता.

फादरांनी ताईच्या भरवशावर बांधायला ठेवलेली नोंदवही सकाळीच चर्चमध्ये पोचली होती, नव्या कापडात. मी बरोबर गेलो होतो म्हणून मला ठाऊक होतं, पण भाऊजींनी विचारलं ते ताईला.

“वही दिलीस?”

“दिली.”

“आणि चिठ्ठी?”

“पाकिटात घालून दिली.”

“वर काय लिहिलंस?”

“नेहमीचं,” ताई म्हणाली. “खाली आजची तारीख टाकली.”

भाऊजींनी मान हलवली. मग हात पुढे करून त्यांनी पेला चाचपून बघितला. तो तिनं सांगितल्या जागी होता.